घरातल्या एसीची सर्व्हिस वर्षातून किती वेळा? खळं, कापूस आणि धूळ पाहून ठरवा

जळगाव जिल्ह्यात एसी आता फक्त दवाखान्यात किंवा पतपेढीत दिसणारी वस्तू राहिलेली नाही. चोपडा, यावल, रावेर, जामनेर, पारोळा, कुठल्याही तालुक्यातल्या मोठ्या गावात एक चक्कर मारली तरी दर गल्लीत दोन-चार घरांच्या भिंतीला बाहेरचं युनिट टांगलेलं दिसतं. मे महिन्यात भुसावळ-जळगावचा पारा ४५ अंशांच्या पुढे जाणं इथल्या लोकांना नवं नाही. धाब्याची घरं पाडून लोकांनी स्लॅब टाकले, आणि हे स्लॅब मध्यरात्रीपर्यंत तापलेले असतात. घरात म्हातारं माणूस, बाळंतीण किंवा बीपी-शुगरचा पेशंट असला तर एसीला चैन म्हणता येत नाही.

एसी घेताना दुकानदार टन, स्टार आणि हप्ता एवढं सांगतो. सर्व्हिसचं विचारलं तर ‘वर्षातून दोनदा’ असं ठोक उत्तर मिळतं. उत्तर चुकीचं नाही, पण ते बंद खिडक्यांच्या, डांबरी रस्त्यावरच्या फ्लॅटला धरून दिलेलं असतं. ज्या घराच्या पुढच्या खोलीत भाव वाढायची वाट पाहत वीस-पंचवीस क्विंटल कापूस पडून आहे, किंवा ज्याच्या मागच्या मोकळ्या जागेत थ्रेशर मक्याचा भुस्सा उडवतोय, तिथं कॅलेंडर पाहून सर्व्हिस ठरवली तर मे महिन्यात मशीन दगा देणार.

धूळ बसली की नेमकं काय होतं

एसी थंडी तयार करत नाही. तो खोलीतली उष्णता उचलतो आणि बाहेर नेऊन टाकतो. आतल्या युनिटची कॉइल उष्णता उचलते, बाहेरच्या युनिटची कॉइल ती सोडते आणि गॅस या दोघांमध्ये फिरत राहतो. दोन्ही कॉइलवर ॲल्युमिनियमच्या पातळ पट्ट्या दाटीवाटीने बसवलेल्या असतात. त्यांच्या फटींतून हवा खेळली पाहिजे. फटी बुजल्या की सगळं गणित बिघडतं.

आतली जाळी किंवा कॉइल भरली तर हवा कमी येते, कॉइल गरजेपेक्षा जास्त गार पडते आणि तिच्यावर बर्फ धरतो. लोक म्हणतात, ‘एसीत बर्फ जमला म्हणजे मशीन जोरात चाललंय.’ खरं तर ते आजाराचं लक्षण आहे. बर्फ धरल्यावर खोलीत गारवा येत नाही, आणि गॅस पातळ रूपातच कॉम्प्रेसरकडे परत गेला तर कॉम्प्रेसर खराब होण्याची वेळ येते.

बाहेरची कॉइल भरली तर परिणाम याहून वाईट. एसीच्या खोक्यावर दीड टन लिहिलेलं असतं, पण ती क्षमता बाहेर ३५ अंश तापमान धरून मोजलेली असते. आपल्याकडे एप्रिल-मेच्या दुपारी ३५ नसतं, ४४ असतं. म्हणजे मशीन मुळातच ओढून-ताणून चालतंय. त्यात कॉइलवर धुळीची गोधडी पांघरलेली असली तर आतला दाब वाढतो, कॉम्प्रेसर जास्त करंट ओढतो, तापतो आणि ट्रिप होतो. दुपारी दोन वाजता बंद पडणारा आणि रात्री नीट चालणारा एसी दिसला की आधी बाहेरची कॉइल पाहावी. गॅसचा विषय नंतर.

वीजबिलाचं गणितही इथंच आहे. दीड टनाचा एसी पूर्ण ताकदीने चालला तर तासाला साधारण दीड युनिट खातो. रात्रीचे आठ तास धरले तर बारा युनिट. इन्व्हर्टर एसी खोली गार झाल्यावर वेग कमी करतो म्हणून त्याचं बिल कमी येतं, पण घाणेरडी कॉइल असली की त्याला वेग कमी करायची संधीच मिळत नाही. महावितरणचा घरगुती दर १००, ३०० आणि ५०० युनिटच्या टप्प्यांवर चढत जातो. महिन्याला पन्नास युनिट फुकट जळाले तर ते सगळ्यात वरच्या, महाग टप्प्यातले असतात.

मग किती वेळा?

एसी फक्त रात्री चालतो, मार्च ते जूनच लागतो, घर गावठाणात आहे, समोर काँक्रीटचा रस्ता आहे, घरात कापूस-धान्य साठवत नाहीत. अशा घराला मेकॅनिककडून वर्षातून एक पूर्ण सर्व्हिस पुरते. ती फेब्रुवारीच्या दुसऱ्या पंधरवड्यात करावी. जाळी मात्र दर पंधरा दिवसांनी घरच्या माणसानेच धुवायची. ती चुकवली तर हा हिशेब लागू नाही.

दुसरा प्रकार आपल्या भागात जास्त सापडतो. घराला लागून खळं, मातीचा रस्ता, जवळ जिनिंग, वीटभट्टी किंवा खडी क्रशर. अशा घराला दोन सर्व्हिस लागतातच, आणि त्या सहा महिन्यांच्या अंतराने करून उपयोग नाही. पहिली फेब्रुवारीत. दुसरी हरभरा, गहू, मका, दादर यांची मळणी आटोपल्यावर, म्हणजे एप्रिलच्या शेवटी. कारण खरा भुस्सा मार्च-एप्रिलमध्ये उडतो. फेब्रुवारीत चकाचक केलेलं बाहेरचं युनिट एका मळणीत पुन्हा जसंच्या तसं होतं. दुसऱ्या वेळी आतलं युनिट ठीक असेल तर नुसतं बाहेरचं धुऊन घेतलं तरी चालतं, पैसेही कमी लागतात.

कापूस घरात साठवणाऱ्यांची गोष्ट वेगळी. त्याचे बारीक तंतू हवेत तरंगत असतात आणि एसी ते ओढून घेतो. साध्या धुळीसारखे ते झटकून जात नाहीत, जाळीवर नमद्यासारखे बसतात. जाळीतून सुटलेले तंतू आतल्या ब्लोअरच्या पात्यांना चिकटतात, आणि तिथं घरच्या माणसाचा हात पोहोचत नाही. कापूस असलेल्या खोलीत किंवा तिला दार उघडं असलेल्या खोलीत एसी शक्यतो चालवूच नये. चालवावाच लागला तर जाळी दर आठवड्याला धुवावी, आणि कापूस विकून खोली झाडून झाल्यावर लगेच पूर्ण सर्व्हिस करून घ्यावी. कापूस घरात असताना केलेली सर्व्हिस म्हणजे पेरणीआधीच केलेली निंदणी. शिवाय कापसाचा ढीग एसीच्या प्लग-स्टॅबिलायझरपासून लांब ठेवणं हे सर्व्हिसपेक्षा मोठं काम आहे. सैल प्लगमधून उडालेली एक ठिणगी पुरे.

रात्रंदिवस एसी चालणाऱ्या घराला, म्हणजे अंथरुणावरचा रुग्ण वगैरे असेल तिथं, दर तीन-चार महिन्यांनी माणूस बोलवावा.

एक गोष्ट वेळेची. आखाजीला लेकी-जावई, नातवंडं घरी येतात आणि एसी नेमका त्याच आठवड्यात रुसतो. तोवर तालुक्याच्या मेकॅनिककडे पंधरा-वीस नंबर लागलेले असतात. तो कसाबसा येतो, घाईत काम उरकतो आणि दरही सीझनचा लावतो. फेब्रुवारीत हाच माणूस निवांत असतो, तासभर नीट काम करतो. तालुक्याच्या ठिकाणी साध्या जेट सर्व्हिसचे साधारण ५०० ते ८०० रुपये घेतात, गाव आडबाजूला असेल तर पेट्रोलचे वेगळे. शेजारच्या तीन-चार घरांनी मिळून एकाच दिवशी बोलावलं तर भाव कमी करता येतो.

घरच्यांनी काय करायचं, काय करायचं नाही

जाळी धुणं हे दहा मिनिटांचं काम आहे. आधी एमसीबी पाडायचा, नुसता रिमोटने बंद करून चालत नाही. पुढचं झाकण उचललं की दोन जाळ्या निघतात. बाहेर नेऊन कोरडी धूळ झटकायची, मग उलट्या बाजूने साध्या पाण्याची धार सोडायची, म्हणजे धूळ आली त्या बाजूने निघून जाते. गरम पाणी नको, तारेचा काथ्या नको. वाळवायची सावलीत, उन्हात प्लास्टिक वाकतं. पूर्ण कोरडी झाल्यावरच बसवायची. जाळी काढून ठेवून एसी चालवणारेही भेटतात, ‘हवा जास्त लागते’ म्हणून. ती हवा सगळी धूळ घेऊन थेट कॉइलवर जाते.

देवघर आणि एसी एकाच खोलीत असतील तर अगरबत्ती, धूप, मच्छरच्या कॉइलचा धूर यांचा चिकट थर जाळीवर चढतो. फोडणीच्या वाफेचंही तेच. अशी जाळी नुसत्या पाण्याने निघत नाही, भांड्याच्या साबणाचे दोन थेंब पाण्यात टाकून बुडवावी लागते.

आता न करण्याची कामं. सध्या बऱ्याच ठिकाणी फवारणीचा पंप घेऊन एसी धुतला जातो. बॅटरी पंप काय, एचटीपी काय, ‘सर्व्हिसवाला तरी वेगळं काय करतो?’ असा सवाल असतो. एचटीपीच्या दाबाने ॲल्युमिनियमच्या पट्ट्या आडव्या होतात आणि हवेची वाट कायमची बंद होते. त्याहून वाईट म्हणजे पंपात राहिलेला कीटकनाशकाचा किंवा तणनाशकाचा अंश. तीन वेळा धुतलेल्या पंपाच्या नोझलमध्येही तो राहू शकतो. तो आतल्या कॉइलवर गेला तर तीच हवा रात्रभर पोराबाळांच्या नाकात जाणार. हा प्रकार बंद झाला पाहिजे. आतलं युनिट घरी धुवायचंच नाही. त्याच्या एका बाजूला सर्किट बोर्ड असतं, पाणी गेलं की काही हजारांना फटका. बाहेरच्या युनिटचं झाकणही उघडायचं नाही. त्यातल्या कपॅसिटरमध्ये लाइट बंद केल्यावरही काही वेळ करंट राहतो आणि तो झटका साधा नसतो.

मेनमधून एमसीबी पाडून बाहेरच्या कॉइलची मागची बाजू मऊ ब्रशने झाडणं, वर आलेली घाण हलक्या धारेने उतरवणं, एवढं घरच्या माणसाने केलं तर हरकत नाही. पण पाणी कोणतं तेही पाहावं. बोअरच्या जड पाण्याने कॉइल रोज ओली केली तर भांड्याला चढतो तसा क्षाराचा पांढरा थर चढतो. दुपारी बाहेरच्या युनिटवर बोअरचं पाणी मारणाऱ्यांचा त्या दिवशी फायदा होतो आणि दोन वर्षांनी कॉइल बदलावी लागते.

जागेबद्दलही थोडं. बाहेरचं युनिट गोठ्याच्या भिंतीला लावू नये. शेण-मुताचा अमोनिया तांब्याला खातो आणि गॅस गळायला लागतो. पत्र्याच्या छतावर ठेवलं तर खालून तापलेला पत्रा आणि वरून ऊन, दोन्हीकडून मार. उत्तर किंवा पूर्वेची भिंत, वर हवा अडणार नाही असं छोटं छप्पर, पुढे दोन-तीन हात मोकळी जागा. आधीच चुकीच्या जागी बसलं असेल तर सर्व्हिस एकने वाढवावी लागते.

‘गॅस कमी झालाय’

एसीच्या नावाखाली खेड्यात सगळ्यात जास्त पैसा इथं जातो. एसी नीट गार करत नाही, मेकॅनिक येतो, गेज लावतो आणि सांगतो, गॅस भरावा लागेल. २,५०० ते ३,५०० रुपये. पुढच्या वर्षी पुन्हा तेच. लोकांना वाटतं गाडीच्या पेट्रोलसारखा गॅस संपतो, दरवर्षी भरायचाच असतो.

गॅस संपत नाही. तो बंद नळीत फिरत राहतो आणि चांगल्या जोडणीच्या एसीत दहा वर्षंही तसाच राहतो. कमी झाला असेल तर कुठेतरी गळती आहे. ती न शोधता वरून गॅस भरणं म्हणजे फुटक्या माठात पाणी ओतणं. म्हणून ‘गॅस कमी आहे’ असं सांगितलं की पहिला प्रश्न विचारावा, ‘गळतंय कुठून?’ गळतीच्या जागी बहुतेक वेळा तेलाचा ओशट डाग दिसतो, कारण गॅससोबत कॉम्प्रेसरचं तेलही बाहेर येतं. नळ्यांच्या जोडावर साबणाचा फेस लावला तर बुडबुडे येतात. हे मालकाच्या डोळ्यांसमोर दाखवता येतं. आणि गेज लावायच्या आधी जाळी आणि दोन्ही कॉइल धुऊन पाहायला सांगावं. न गारवणाऱ्या एसीपैकी कितीतरी नुसत्या धुण्याने ताळ्यावर येतात.

गळती निघालीच तर कामाची रीत ठरलेली आहे. गळती बंद करायची, नायट्रोजन भरून दाब धरतोय का पाहायचं, मग व्हॅक्यूम पंपाने नळीतली हवा आणि ओल ओढून काढायची, आणि शेवटी गॅस वजन करून भरायचा. किती ग्रॅम भरायचा हे युनिटच्या पट्टीवर छापलेलं असतं. इन्व्हर्टर एसीत कॉम्प्रेसरचा वेग बदलत असल्याने नुसत्या गेजच्या काट्यावर गॅस भरणं भरवशाचं नाही, वजनकाटा पाहिजेच. काही जण दाब तपासायला वेल्डिंगचा ऑक्सिजन वापरतात. तसं दिसलं तर तिथंच थांबवावं. दाबाखालचा ऑक्सिजन आणि कॉम्प्रेसरचं तेल एकत्र आलं तर स्फोट होतो.

गॅसचा प्रकारही माहीत असावा. नव्या बहुतेक एसीत आर-३२ असतो, काहींत आर-२९०. आर-३२ थोडा आणि आर-२९० चांगलाच पेट घेणारा आहे, त्यामुळे विडी ओढत काम करणारा मेकॅनिक इथं चालत नाही. जुन्या मशीनमध्ये आर-२२ असतो. ओझोनच्या थराला घातक म्हणून १९८७च्या माँट्रियल करारान्वये तो जगभर टप्प्याटप्प्याने बंद होतोय. आपल्याकडे सुरत, मुंबईला कामाला असलेले नातेवाईक तिथला जुना एसी गावी पाठवून देतात. फुकट मिळाला तरी त्यात आर-२२ आहे का आणि समुद्राच्या खाऱ्या हवेने कॉइल सडली आहे का, हे बसवण्याआधी बघून घ्यावं. आर-२२च्या मशीनमध्ये आर-३२ भरून देतो म्हणणाऱ्याला हात जोडावेत.

सर्व्हिस झाली की नुसता टपका मारला?

आत आणि बाहेर मिळून नीट कामाला पाऊण ते एक तास लागतो. मेकॅनिक आतल्या युनिटला प्लास्टिकची पिशवी बांधतो, जेट पंपाने कॉइल आणि ब्लोअर दोन्ही धुतो, खालचा ट्रे आणि पाण्याची नळी मोकळी करतो. पिशवीतून निघालेलं पाणी काळंशार असतं, ते बघून घ्यावं. पंधरा मिनिटांत गाडीला किक मारणाऱ्याने फक्त जाळी झटकली असं समजायचं. खोलीत पाणी ठिबकण्याची तक्रार दहापैकी बहुतेक वेळा त्या नळीतल्या शेवाळ-चिखलाचीच असते, तिला वेगळा पार्ट लागत नाही.

बाहेरच्या युनिटमध्ये उंदरांनी कुरतडलेल्या वायरी, पालीमुळे शॉर्ट झालेलं बोर्ड, गांधीलमाश्यांचं पोळं, चिमणीचं घरटं, हे सगळं आपल्याकडे सापडतं. म्हणून झाकण उघडून पाहायला सांगावं. वायरींचे स्क्रू आवळून घ्यावेत. गावात संध्याकाळी मोटारी, गिरण्या, टीव्ही एकदम सुरू झाले की व्होल्टेज खाली येतं, करंट वाढतो आणि सैल जोड आधी जळतो. ‘स्टॅबिलायझरची गरज नाही’ असं खोक्यावर लिहिलेलं असतं, पण ते ठरावीक व्होल्टेजच्या आत. घरातलं व्होल्टेज संध्याकाळी मीटरने मोजून मगच त्यावर विश्वास ठेवावा. आणि अर्थिंग. नळाच्या पाइपला वायर गुंडाळली म्हणजे अर्थिंग झालं असं समजणारी घरं अजून आहेत. मीठ-कोळशाचा खड्डा करून घेतलेलं खरं अर्थिंग नसेल तर त्या वर्षी सर्व्हिसचे पैसे आधी तिकडे लावावेत.

काम झाल्यावर एसी पंधरा-वीस मिनिटं चालवून बघावं. खोलीतून आत जाणारी हवा आणि पुढून बाहेर येणारी हवा यांच्यात साधारण १० अंशांचा किंवा जास्त फरक पडला पाहिजे. मेकॅनिककडे क्लॅम्प मीटर असतो, करंट किती येतोय ते पट्टीवरच्या आकड्याशी ताडून बघायला सांगावं. आयटीआयमध्ये रेफ्रिजरेशन-एसीचा दोन वर्षांचा ट्रेड केलेली पोरं आता बऱ्याच तालुक्यांत आहेत, त्यांना हे विचारलं तर राग येत नाही, उलट बरं वाटतं. तारीख, केलेलं काम आणि करंटचा आकडा एका चिठ्ठीवर लिहून युनिटच्या बाजूला चिकटवून ठेवावा. पुढच्या वर्षी दुसरा माणूस आला तरी त्याला मागचं कळतं.

वॉरंटीतल्या मशीनला कंपनीच्या माणसाशिवाय कोणी हात लावला तर वॉरंटी जाऊ शकते, म्हणून कार्ड वाचूनच बोलवावं. वार्षिक कराराचं म्हणाल तर त्यात गॅस आणि पार्ट येतात की नुसती मजुरी, हे लेखी विचारावं. ‘सगळं येतं’ या तोंडी शब्दावर जाऊ नये. तापमानाचं म्हणाल तर १ जानेवारी २०२० पासून स्टार लेबलचे एसी २४ अंशांवर सुरू होतात. केंद्राच्या ऊर्जा दक्षता ब्युरोनुसार एक अंश वाढवला की विजेत सुमारे ६ टक्के बचत होते. १८ वर ठेवल्याने खोली लवकर गार होत नाही, मशीन फक्त थांबत नाही.

पावसाळा लागल्यावर एसी बंद करताना तो तासभर नुसत्या फॅन मोडवर चालवावा, म्हणजे आतली ओल सुकते आणि बुरशीचा वास येत नाही. जाळी धुऊन बसवावी, रिमोटचे सेल काढावेत, एमसीबी पाडून ठेवावा. बाहेरच्या युनिटला खताची गोणी किंवा प्लास्टिक गुंडाळून बांधू नये. आत ओल कोंडते आणि उंदराला आयतं बीळ मिळतं. वर पत्र्याचा तुकडा ठेवून दोरीने बांधला की पुरे. ऑक्टोबर हीटला पुन्हा सुरू करायच्या आधी बाहेरच्या जाळीतून आत बॅटरी मारून घरटं-पोळं नाही ना, एवढं बघून घ्यावं.